साहेबांचा मोठा एस

टिंबनाना हा माणूस मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटत आला. आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला कोण वाटत नाही? तेही खरंच. आमची ताई मला शंकासूर म्हणते. दूधवाला जरा हसून बोलला तर मी त्या दिवशी दूध घरी पुन्हा मापून बघते. आम्ही दोघी बहिणी एकाच घरात राहतो. तिनं लग्न केलं नाही आणि माझं टिकलं नाही. का टिकलं नाही, ते दूधवाल्यावरून ओळखा.

पण नानांच्या बाबतीत माझ्याकडे कारणं होती. आमच्या दवाखान्यात ते दर मंगळवारी यायचे, कॉम्प्युटरचं मशीन बिघडलेलं असो वा नसो. बिघाड नसताना येणारा दुरुस्तीवाला तुम्ही कधी पाहिलाय? सत्तरीला टेकलेला माणूस, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजूनमापून, आणि लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीनंतर एक टिंब. सहीनंतर टिंब, तारखेनंतर टिंब, खुर्चीवर ‘मोडकी आहे’ अशी चिठ्ठी लावली तर तिच्याही शेवटी टिंब. त्यावरूनच नाव पडलं. पण खरं कारण पुढंच आहे. तीस वर्षांपूर्वी ह्याच माणसाचं स्थळ ताईला आलं होतं आणि ताईनं नाही म्हटलं होतं. नाही म्हणणाऱ्या बाईच्या दवाखान्यात कोणी इतकी वर्षं उगाच चकरा मारतं होय? कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं मला कळत होतं.

ताई आमची हेड सिस्टर. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत तिच्या नावावर एक शेरा नाही. मी तिथंच औषधांच्या स्टोअरात नोंदी टाइप करते. स्टोअरातलं तीन नंबरचं कपाट म्हणजे कडक वेदनाशामक इंजेक्शनांचं. त्याची किल्ली तीनच माणसांकडे असायची: ताई, कंपाउंडर आणि मोठे साहेब.

ह्या स्टोअरासाठी नानांनी वीस वर्षांपूर्वी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याची भाषा तर्काची, असं ते म्हणायचे. तिच्यात मशीनला हे कर, ते कर, असं सांगायचंच नसतं. नुसतं खरं काय ते सांगायचं. कपाट तीनची किल्ली ताईकडे, टिंब. सोमवारी कंपाउंडर कामावर, टिंब. टिंब दिलं नाही तर मशीन आपलं ऐकतच बसतं, तुमचं वाक्य संपलंय हे त्याला कळत नाही. सगळं सांगून झालं की मग विचारायचं, अमक्या दिवशी अमकं कपाट कोण उघडू शकेल? नियम साधा होता. ज्याच्याकडे किल्ली आहे आणि जो त्या दिवशी कामावर आहे, तो. यादीत नावं नव्हती, ज्याला जे म्हणतात तेच आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहायचो. ताईला सगळा दवाखाना ताईच म्हणतो, म्हणून मशीनमध्येही ती ताईच. किल्ल्यांची यादी नानांनी भरलेली. रोज कोण कामावर आहे, ती यादी मी भरायची.

मग जुनं मशीन धापा टाकायला लागलं आणि नवं आलं. भाषा तीच, पण बारा कोसांवर बोली बदलते ना, तशी नव्या मशीनची बोली निराळी होती. नानांनी दोन मंगळवार बसून सगळं इकडून तिकडं आणलं आणि जाताना माझ्या हातात एक कागद ठेवला. वर लिहिलेलं, ‘बोलीतले फरक.’ खाली सात कलमं. मी दोन वाचली आणि मनात म्हटलं, अस्सं! काम संपलं तरी आपली गरज संपू नये म्हणून माणसं असली कलमं काढतात. कागदाची चौघडी घातली आणि टेबलाच्या एका पायाखाली सरकवली. टेबल त्या दिवसापासून डुगडुगायचं थांबलं, हे मात्र मान्य करते.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. नवं मशीन रोज सकाळी माझी यादी वाचलं की एक पिवळी ओळ दाखवायचं. तिच्यात ‘सिंगलटन’ असा काहीतरी शब्द आणि पुढं ‘साहेब’. शब्दकोश काढून पाहिला. एकटा, एकांडा. आमचे साहेब त्रेपन्नाचे आणि बिनलग्नाचे! म्हातारा मशीनच्या तोंडून साहेबांची थट्टा करवून घेतोय, दुसरं काय? साहेबांच्या नजरेला पडलं तर माझी गच्छंती व्हायची. म्हणून ती ओळ आली रे आली की मी भराभर वर ढकलून द्यायचे.

असे पंधरा दिवस गेले. एका शुक्रवारी सकाळीच मोजणी झाली आणि तीन नंबरच्या कपाटात दहा इंजेक्शनं कमी भरली. बुधवारी संध्याकाळी ती होती, मी स्वतः पाहिली होती. म्हणजे गेली ती गुरुवारी. साहेबांनी स्टोअरचं दार लावून घेतलं, माझ्या खुर्चीमागं उभे राहिले आणि म्हणाले, विचार ह्याला. मी विचारलं. मशीननं क्षणात उत्तर दिलं: ताई. उत्तराशेजारी एक बारीक रेघ लुकलुकत राहिली. मी एंटर दाबलं, आणि मशीन गप्प झालं.

मी साहेबांना सांगितलं की ताई गुरुवारी रजेवर होती, तापानं फणफणली होती, त्या दिवशीच्या यादीत तिचं नावच नाही, यादी मीच केली. साहेब म्हणाले, मशीनला कोणाचं देणं ना घेणं, ते कशाला खोटं बोलेल? रजा टाकून मागच्या दारानं आली असेल. त्यांनी ताईकडून किल्ल्या काढून घेतल्या, बुधवारी अकरा वाजता चौकशी ठेवली आणि तोवर घरी बसायला सांगितलं. काय गेलं, किती गेलं, ह्यातलं अवाक्षर बाहेर काढायचं नाही, अशी मला तंबी दिली. चोरी शाबीत झाली तर ताईची नोकरी तर जाणारच होती, पुन्हा कुठं सिस्टर म्हणून उभं राहायचीही सोय उरणार नव्हती. संध्याकाळपर्यंत सगळ्या दवाखान्याला कळलं होतं की ताईनं काहीतरी केलंय. काय केलंय ते कोणालाच माहीत नव्हतं, पण लोकांचं त्यावाचून काही अडत नाही.

आता माझं सांगते, आणि ते सांगताना मला बरं वाटत नाही. मी त्या मशीनला खोटं पाडायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात किडा शिरला. मशीनला कसं कळलं? मला गुरुवारची संध्याकाळ आठवली. सकाळी मी निघाले तेव्हा ताईच्या चपला दाराच्या उजव्या बाजूला होत्या. परतले तेव्हा डाव्या बाजूला. तापानं झोपलेल्या बाईच्या चपला चालतात का?

शुक्रवारी रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ताई, काल तू बाहेर पडली होतीस का गं? ती नाही म्हणाली. शनिवारी मी चपलांचं काढलं. ती म्हणाली, हां, कचरा टाकायला खाली उतरले होते, त्याला काय बाहेर पडणं म्हणतात? मला ते पटलंही आणि नाहीही. रविवारी मात्र मी कमाल केली. ताईचे गुडघे दोन वर्षं दुखतात, जिना चढताना ती दर मजल्याला थांबते. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, “ताई, दुखणं असह्य होऊन घेतली असशील तर मला सांग. मी कुणाला बोलणार नाही.”

ताईनं हात सोडवून घेतला. उठली, गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. सोमवारी ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

ताई बोलेना, तसा माझा संशय दुसरीकडं वळला. त्याला बसायला जागा लागतेच. रात्रभर तळमळले आणि पहाटे लख्ख दिसलं: टिंबनाना! प्रोग्रॅम कोणाचा? त्यांचा. किल्ल्यांच्या यादीत पहिलं नाव ताईचं कोणी घातलं? त्यांनी. तीस वर्षं मनात धरलेला डूख, आणि निवृत्तीच्या तोंडाशी डाव साधलान् मेल्यानं! मंगळवारी ते स्टोअरात शिरले तशी मी त्यांच्यावर तुटून पडले. काय झालं ते सगळं सांगितलं, साहेबांची तंबीबिंबी बाजूला ठेवून, आणि वर स्थळाचंही काढलं. तुमच्याशी लग्नाला नाही म्हटलं म्हणून तिला चोर ठरवताय, असं तोंडावर म्हटलं.

नाना शांतपणे ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, “ताई? छे. मग मशीनच चुकतंय.”

खुर्ची ओढून बसले आणि मी शुक्रवारी विचारलेलं तेच पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं: ताई. रेघ लुकलुकायला लागली. मी म्हटलं, बघा, बघा. नानांनी एंटर दाबलं नाही. अर्धविराम दाबला. खाली आलं, कंपाउंडर. पुन्हा अर्धविराम. खाली आलं, साहेब. पुन्हा दाबला, मग मशीन नाही म्हणालं. माझा आ वासलेला तसाच राहिला. जुनं मशीन सगळी उत्तरं आपणहून ओकून टाकायचं आणि शेवटी ‘आणखी उत्तर नाही’ असं सांगायचं. नवं एकच उत्तर देऊन तुमच्या तोंडाकडं बघत बसतं. अर्धविराम दिला तर पुढचं सांगतं, एंटर दिलं तर समजतं की तुमचं समाधान झालं. आणि आमचं झालं होतं.

तरी ताईचं नाव होतंच. नानांनी डोकं खाजवलं आणि मशीनला विचारलं, गुरुवारी नाना कामावर होते का? मशीन म्हणालं, हो. नाना तर मंगळवारशिवाय येत नाहीत. त्यांनी आणखी विचारलं, गुरुवारी टेबल कामावर होतं का? मशीन म्हणालं, हो. नाना म्हणाले, टेबलाचं एक वेळ खरं असेल, ह्या दवाखान्यात तेवढंच वेळेवर असतं. मला हसू आलं नाही. मग त्यांनी माझी गुरुवारची यादी उघडली, एकेक ओळ बोटानं वाचत खाली आले आणि एका ओळीवर बोट थांबलं.

“हा साहेबांचा एस मोठा का?”

मी म्हटलं, मोठाच असणार. साहेब ते. आपल्या लिपीत अक्षराला लहानमोठं नसतं, मान द्यायचा तर आपण आले, गेले, बसले म्हणतो. इंग्रजी अक्षरात आले-गेले कुठून आणू? कंपाउंडर लहान लिहिला तर चालतो, झाडूवाला चालतो, पण साहेबांना लहान एस? जिवाची पर्वा नाही का मला? वर्षानुवर्षं मी तसंच लिहीत आले होते आणि जुन्या मशीननं कधी हूं की चूं केलं नव्हतं.

नानांनी कपाळावर हात मारला नाही की आवाज चढवला नाही. ते सांगत गेले. जुन्या बोलीत एक्स, वाय, झेड एवढी तीनच अक्षरं म्हणजे ‘कोणीतरी’. बाकी लहान लिहा, मोठं लिहा, ते नावच. नव्या बोलीत तसं नाही. शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलं की तो शब्द कोणाचं नाव राहत नाही, त्याचा अर्थ होतो ‘कोणीही’. मी लिहिलं होतं, गुरुवारी साहेब कामावर. मशीननं वाचलं, गुरुवारी कोणीही कामावर. मग ज्याच्याकडे किल्ली तो सापडणार, आणि किल्ल्यांच्या यादीत ताई पहिली, कारण कपाट तिच्या ताब्यात. पिवळी ओळ तीच तक्रार करत होती. ह्या वाक्यात हा ‘कोणीही’ एकटाच कुठून आला, असं ते बिचारं रोज सकाळी विचारायचं आणि मी रोज त्याचं तोंड दाबायचे.

“मी कागद दिला होता ना तुला?” नाना म्हणाले.

मी खाली वाकले. टेबल कलंडलं, चहाचा कप लवंडला. कागद उलगडला तर चौथं कलम: ‘नावं लहान अक्षरानं सुरू करावीत. मानाची माणसंसुद्धा.’ पाचवं: ‘पहिल्या उत्तरावर थांबू नये. अर्धविराम द्यावा.’ प्रत्येकाच्या शेवटी टिंब. मला धरणी दुभंगावी असं वाटलं. ह्या माणसानं मला माझ्याहून आधी ओळखलं होतं.

मी एस लहान केला. पुन्हा विचारलं. कंपाउंडर, अर्धविराम, साहेब, अर्धविराम, नाही. ताई कुठंही नव्हती.

बुधवारी अकरा वाजता साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं: साहेब टेबलामागं, समोरच्या खुर्चीत ताई, इस्त्रीच्या साडीत, हात मांडीवर, भिंतीशी नाना आणि मी. नानांनी बोलीचा फरक समजावून सांगितला. साहेबांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण मशीन चुकलं एवढं कळलं. म्हणजे चूक कोणाची, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले की चूक माझी, बोली बदलली तेव्हा मी नीट समजावून द्यायला हवं होतं. साहेब म्हणाले, मग पुढच्या मंगळवारपासून तुम्ही येऊ नका. नानांनी मान हलवली. जसं काही कोणी त्यांना खिडकी लावून घ्यायला सांगितलं होतं.

खरं सांगते, एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. ताई सुटली, मी सुटले, म्हाताऱ्याला काय, आज ना उद्या थांबायचंच होतं. पण ताईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिला काही ठाऊक नव्हतं, नुसतं पाहिलं.

“साहेब, त्यांनी मला कागद दिला होता,” मी म्हटलं. “मी तो टेबलाच्या पायाखाली घातला. तो एस मी मोठा केला.”

साहेबांनी कारण विचारलं.

“तुमचा मान राखायला.”

साहेबांनी टेबलावरची घंटी वाजवली. मग कंपाउंडरला बोलावणं गेलं. दहा इंजेक्शनांचं विचारल्याबरोबर तो म्हणाला, ती ना? गुरुवारी दुपारी शस्त्रक्रियेच्या खोलीतून घाईचा निरोप आला म्हणून मी नेऊन दिली. त्यांच्या वहीत लिहिलंय, आपल्या वहीत लिहायचं राहिलं. साहेब ओरडले, मग इतके दिवस बोलला का नाहीस? तो म्हणाला, काय गेलंय ते मला कोणी सांगितलंच नाही, ताईंनी काहीतरी केलंय एवढंच कानावर होतं, मला वाटलं दुसरंच काही असेल. वही आली, नोंद निघाली. साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून ताईकडं सरकवला आणि गैरसमज झाला असं काहीतरी पुटपुटले. नानांना मंगळवारी यायला सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली, ती रास्तच होती.

बाहेर पडल्यावर नाना ताईशी दोन शब्द बोलतील म्हणून मी कान टवकारून उभी राहिले. जित्याची खोड, दुसरं काय. ते म्हणाले, गुडघे कसे आहेत? ती म्हणाली, आहेत. झालं. ते जिना उतरून गेले.

संध्याकाळी घरी येताना मी खुशीत होते. वाटत होतं, आज मी ताईसाठी साहेबांपुढं उभी राहिले, चूक कबूल केली, ती काहीतरी बोलेल. मी तिला सगळं रंगवून सांगितलं. नानांवर कशी तुटून पडले, ते ऐकून घेऊन कसे म्हणाले की ताई, छे, मग मशीनच चुकतंय. ते टेबल कामावर असल्याचंही सांगितलं. ताई त्यावर हसली. मग चहाचा कप खाली ठेवला.

“मशीननं माझं नाव एकदा घेतलं,” ती म्हणाली. “तू मला तीनदा विचारलंस. आणि ज्याला मी नाही म्हटलं होतं, त्यानं एकदाही विचारलं नाही.”

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी भांडले तरी असते. कप विसळून ती आत गेली. चपला तिनं आज दारातच काढल्या होत्या, एक इकडं, एक तिकडं. मी उठले, त्या उचलल्या आणि भिंतीशी जोडीनं ठेवल्या. कुठल्या बाजूला ठेवल्या, ते मी पाहिलं नाही.